बिल्डरचं वर्षाचं पॅकेज घ्यायचं का? घ्या, पण त्यातल्या 'चार बातम्या' आधी बाहेर काढा

प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही तिघं मिळून नेरुळ, सीवूड्स, खारघर पट्ट्यासाठी एक छोटं न्यूज पोर्टल आणि यूट्यूब चॅनल चालवता. पनवेल बाजूच्या एका बिल्डरने वर्षभराचं पॅकेज देऊ केलंय, महिन्याला ठरलेली रक्कम आणि बदल्यात होमपेजवर बॅनर, महिन्याला चार 'बातम्या' आणि एक साइट व्हिजिटचा व्हिडिओ. हे घेतलं तर आपण विकले गेलो का, आणि घेतलं तर करारात काय लिहायचं, असं विचारलंय. शेवटी एक ओळ हळूच टाकलीये की तुमच्यातल्या एकाने त्याच बिल्डरकडे फ्लॅट बुक केलाय, तर त्याचं काय. त्या ओळीकडे नंतर येते.

मी ठाणे आवृत्तीच्या सिटी डेस्कवर होते आणि नंतर बरीच वर्षं प्रॉपर्टी पुरवणीवर, त्यामुळे हा पैसा कुठून येतो आणि पानावर कसा उतरतो ते दोन्ही बाजूंनी बघितलंय. माझं उत्तर असं: बॅनर बिनधास्त घ्या, व्हिडिओ घेतलात तर तो जाहिरात आहे असं पहिल्या काही सेकंदांत ठसठशीत सांगून घ्या, आणि चार बातम्यांना चक्क नाही म्हणा. बाकीचं सगळं त्या 'चक्क'चं कारण आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं की बिल्डर संपादकाला फोन करतो, संपादक घाबरतो आणि बातमी मरते. असे फोन येतात, नाही असं नाही, पण ते फार कमी. खरा परिणाम कामाच्या वाटणीत असतो. ठाणे, कल्याण, पनवेल कुठेही बघा, स्थानिक वार्ताहराला मानधन तुटपुंजं आणि जाहिरातीवर मात्र कमिशन. वर्धापन दिनाचा विशेषांक आला की त्याच्यावर टार्गेट, मग तो जातो कोणाकडे? क्लासवाले, हॉस्पिटल, सराफ, नगरसेवकाचा वाढदिवस, आणि सगळ्यात मोठा चेक बिल्डरचा. आता जो माणूस ऑक्टोबरात दिवाळीच्या जाहिरातीची आरओ (रिलीज ऑर्डर, म्हणजे लेखी ऑर्डर) घ्यायला बिल्डरच्या ऑफिसात बसलाय, तोच माणूस नोव्हेंबरात त्या बिल्डरच्या सोसायटीला ओसी (पालिकेचा भोगवटा दाखला) नाही, टँकरवर चाललीये, ही बातमी कशी देणार? त्याला कोणी अडवत नाही हो, तो त्या सोसायटीत जातच नाही. बातमी दाबली जात नाही, ती लिहिलीच जात नाही, आणि न लिहिलेल्या बातमीची तक्रार कोण कोणाकडे करणार. तुमचं तिघांचं पोर्टल आहे म्हणजे तुमच्याकडे तर ही वाटणी मुळातच नसणार, तिघंही सगळं करत असाल, म्हणून हे आधी सांगते.

डेस्कवरची गोष्टही ऐका. संध्याकाळी पानाचा डमी येतो त्यावर जाहिराती आधीच बसवलेल्या असतात, उरलेली जागा बातम्यांची. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवसांत तर जॅकेट (पहिल्या पानाला गुंडाळलेली जाहिरात), पानभर, अर्धं पान, सगळीकडे टॉवरच टॉवर, मधल्या फटीत बातम्या. अशा पानावर सबएडिटर 'घोडबंदर रोडवरील एका नामांकित गृहसंकुलात' असं लिहून मोकळा होतो. हे 'एका'चं काम नीट समजून घ्या. लाँच असेल, पुरस्कार असेल, वृक्षारोपण असेल तर प्रोजेक्टचं पूर्ण नाव मथळ्यात, आणि स्लॅब पडला, आग लागली, कामगार गेला की लगेच 'एका खासगी विकासकाच्या'. कोणी लेखी आदेश काढलेला नसतो, हाताला तसं वळण लागतं. तुम्हाला स्वतःला तपासायचं असेल तर एक करा, १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीत बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले होते, त्या आठवड्यातल्या आठ-दहा ठिकाणच्या बातम्या काढा आणि प्रत्येक बातमीत बिल्डरचं नाव कितव्या ओळीला येतंय ते फक्त पेन्सिलने खूण करा. कुठे पहिल्या परिच्छेदात सापडेल, कुठे सापडणारच नाही. मग त्याच ठिकाणी त्या महिन्यात कोणाच्या जाहिराती होत्या ते बघा आणि काय तो निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा.

आता चार बातम्यांकडे येऊ. बिल्डरला बॅनर स्वस्तात मिळत असताना 'बातमी'च का हवी असते? विश्वास वगैरे आहेच, पण त्यापेक्षा मोठं कारण रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी बिल्डरांवर बंधनं घालणारा कायदा आहे आणि ते फार लोकांच्या लक्षात येत नाही.

२०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ३ म्हणतं की प्रोजेक्टची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरने जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही. मोडलं तर कलम ५९ खाली प्रोजेक्टच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, चालू आहे आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी नंबरासोबत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. म्हणजे जाहिरात केली तर नंबर लावावा लागतो, आणि नंबर अजून मिळालेला नसेल तर जाहिरात करताच येत नाही. मग प्री-लाँचला हवा कशी करायची? 'तळोज्यात साकारणार भव्य टाउनशिप' अशी बातमी करायची! नंबर नाही, क्यूआर नाही, कारण ही जाहिरात नाहीच, बातमी आहे, असा युक्तिवाद. खरं तर कायद्यात जाहिरातीची व्याख्या चांगली रुंद आहे, कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी त्यात येते. पण पैसे देऊन छापलंय हे सिद्ध कोण करणार, ती पावती तर तुमच्या ड्रॉवरमध्ये.

दुसरी गोष्ट याहून वाईट. कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी आगाऊ पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. ग्राहकाच्या हातातलं हे चांगलं हत्यार आहे. आता विचार करा, 'प्रोजेक्टला थेट हायवेचा ॲक्सेस मिळणार' हे वाक्य जाहिरातीत असतं तर कामोठ्यातल्या एखाद्या फसलेल्या ग्राहकाने कात्रण घेऊन महारेराचं दार ठोठावलं असतं. तेच वाक्य तुमच्या पोर्टलवर 'बातमी' म्हणून आलं तर बिल्डरचा वकील शांतपणे सांगणार, साहेब आम्ही असं कुठे म्हटलं, पोर्टलवाल्यांनी लिहिलंय, त्यांना विचारा. म्हणजे महिन्याच्या त्या चार बातम्यांमधून तुम्ही बिल्डरला फक्त प्रसिद्धी विकत नाही आहात, त्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेताय आणि तुमच्याच वाचकाच्या हातातला पुरावा काढून घेताय. त्या पॅकेजच्या रकमेत याचे पैसे धरलेत का?

आणि गंमत बघा, बिल काय बनवणार तुम्ही? जीएसटी नोंदणी असेल तर ऑनलाइन जाहिरातीच्या जागेवर १८ टक्के जीएसटी लावून 'जाहिरात सेवा' असंच लिहिणार, बिल्डरही जाहिरातीचं कंत्राट म्हणूनच टीडीएस कापणार. कागदावर दोघंही कबूल करताय की ही जाहिरात आहे, आणि वाचकाला सांगताय बातमी आहे. उद्या कुठे चौकशी लागली तर तुमचंच बिल तुमच्याविरुद्ध उभं राहील.

'जाहिरात' हा शब्द टाळण्यासाठी आमच्या धंद्यात किती शब्द काढलेत ते सांगायला लागले तर हसाल. वाणिज्य वार्ता, विशेष उपक्रम, मार्केटिंग इनिशिएटिव्ह, रिस्पॉन्स फीचर, कंपनी कनेक्ट, आणि कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात 'प्रा.' म्हणजे प्रायोजित, जे वाचायला आजोबांचं भिंग लागावं. प्रेस कौन्सिलचे पत्रकारितेचे निकष फार पूर्वीपासून सांगतात की जाहिरात आणि बातमी वेगळी ओळखू आली पाहिजे, पण कौन्सिलच्या हातात ताशेरे ओढण्यापलीकडे फारसं काही नाही आणि पोर्टल-यूट्यूबवाले तर थेट तिच्या कक्षेतही येत नाहीत. म्हणून आपल्याला कोणी विचारणार नाही असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखाली जून २०२२ मध्ये आलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या माध्यमांना लागू आहेत. साइट व्हिजिटच्या व्हिडिओत हातात तुमच्या चॅनलचा माइक घेऊन जो 'लोकेशन तर एक नंबर आहे' म्हणतोय, तो पैसे घेऊन शिफारस करणारा आहे, पत्रकार नाही, आणि पैशाचं नातं उघड करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. 'पेड पार्टनरशिप' डिस्क्रिप्शनच्या तळाशी 'आणखी वाचा' मध्ये लपवून चालत नाही, व्हिडिओत दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे. दिशाभूल सिद्ध झाली तर दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. एक आग्रह माझा स्वतःचा, कायद्यात नाही: जो चेहरा तुमच्या बातम्या वाचतो तो साइट व्हिजिटमध्ये नको. दुसरा माणूस घ्या, बिल्डरचाच घ्या.

आता प्रेस नोट. पॅकेज घ्या न घ्या, त्या येणारच, आणि सगळ्याच टाकून द्यायच्या नसतात, त्यात कधी कधी खरी बातमी असते. सुरुवात साधारण अशी असते: 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळापासून अवघ्या १५ मिनिटांच्या अंतरावर, निसर्गाच्या कुशीत, जागतिक दर्जाच्या सुविधांनी सज्ज गृहप्रकल्प सर्वसामान्यांच्या आवाक्यात.' यावर मी सबएडिटरच्या पोरांना असं बसवायचे. 'अवघ्या' गेलं. 'मिनिटं' गेली, कारण ती रविवारी पहाटे पाचची मिनिटं आहेत, टर्मिनलच्या गेटपासून रस्त्याने किती किलोमीटर ते लिही. 'निसर्गाच्या कुशीत' म्हणजे मागे डोंगर आहे का कांदळवन, आणि कांदळवन असेल तर पर्यावरण परवानगी कुठली, ती परिवेश या पर्यावरण परवानग्यांच्या सरकारी पोर्टलवर आहे का ते बघ. 'सर्वसामान्यांच्या आवाक्यात' गेलं, तिथे कार्पेट एरिया आणि एकूण रक्कम लिही, पार्किंग, क्लब हाऊस, डेव्हलपमेंट चार्जेस, मुद्रांक शुल्क, आणि ४५ लाखांवरच्या चालू बांधकामातल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, सगळं धरून. बिल्डरने दिलेली किंमत आणि ही किंमत यातला फरक हीच कित्येकदा बातमी असते. मग महारेराचं पान उघड: ताबा देण्याची मूळ तारीख, बदललेली तारीख, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात काय चालू आहे. एवढं झाल्यावर प्रेस नोटमधलं जे उरेल ते छाप. बहुतेक वेळा दोन ओळी उरायच्या.

आणि 'प्रस्तावित'. या एका शब्दावर आपल्याकडे निम्मी नवी मुंबई विकली गेलीये. विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं तेव्हा २०१९ च्या अखेरीस पहिलं विमान उडणार असं सांगितलं जात होतं, उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं सुरू झाली २५ डिसेंबर २०२५ ला. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं, लोक बसले नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत उलवे, द्रोणागिरी, तळोजा, खारघरच्या पुरवण्यांत विमान उडतच होतं आणि मेट्रो धावतच होती, आणि त्या भरवशावर लोक घराचा हप्ता आणि भाडं दोन्ही भरत होते. विमानतळाला उशीर का झाला तो वेगळा विषय. पण दरवर्षी तीच 'येऊ घातलेल्या'ची बातमी नवीन असल्यासारखी छापणाऱ्यांनी एकदा तरी मागच्या वर्षीची तारीख शेजारी ठेवायला हवी होती की नको? तुम्ही ते करू शकता. फुकट होतं, वेळ लागत नाही, आणि वाचक जीव ओवाळून टाकेल. पायाभूत सुविधेची कुठलीही बातमी असो, आधी जाहीर झालेल्या तारखा खाली द्यायच्याच, असा नियम करा, जाहिरातदार असो नसो.

महारेरा नंबर आहे म्हणजे झालं असंही वाचकांना सांगू नका. डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय ना, पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. घेणाऱ्यांनी नंबर बघूनच घेतली होती हो घरं, बँकांनी कर्जं दिली होती. आता महारेराच्या पद्धतीत पालिकेकडून परवानगीची खातरजमा जोडली गेलीये, तरी तुम्ही बातमी करताना सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) पालिकेच्या किंवा सिडकोच्या नोंदीत आहे का ते स्वतंत्र बघाच. जाता जाता एक छोटी गोष्ट: जुन्या पद्धतीच्या नंबरात सुरुवातीचे आकडे जिल्हा सांगतात, पी५१७ म्हणजे ठाणे, पी५२० म्हणजे रायगड. वाशी-नेरुळ-ऐरोली ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात. 'नवी मुंबईत घर' अशी जाहिरात आणि नंबर रायगडचा, हे चुकीचं नाही, पण पार कर्जतच्या रस्त्यावरचा प्रोजेक्टही 'नवी मुंबई' म्हणून विकला जातो तेव्हा तो आकडा बघून घ्यावा.

पैशाचा मुद्दा राहिलाच. मी जाहिरातीविरुद्ध अजिबात नाही, बिल्डरच्या जाहिरातीवर आमच्या आवृत्तीचे पगार झालेत. घातक असतं ते एकाच गिऱ्हाइकावर टेकून राहणं. तुमच्या महिन्याच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग एकटा बिल्डर देत असेल तर करारात काहीही लिहा, त्याच्याविरुद्ध बातमी करताना तुमची बोटं कीबोर्डवर थबकणार. म्हणून रक्कम कमी घ्या, चार लहान जाहिरातदार जोडा, वर्षाऐवजी तीन महिन्यांचा करार करा. आणि बार्टर तर नकोच. हा आपल्या धंद्यातला जुना रोग आहे, जाहिरातीचं बिल फ्लॅटने फेडायचं. मग त्या फ्लॅटचा भाव टिकावा ही माध्यमाचीच गरज होते. मोठ्या पातळीवर याचंच भावंड म्हणजे प्रायव्हेट ट्रीटी, जाहिरातीच्या बदल्यात कंपनीचे शेअर. सेबीने २००९ मध्ये प्रेस कौन्सिलकडे हा विषय नेला आणि अशी हिस्सेदारी बातमीसोबत उघड करावी असं त्यानंतर ठरलं. तुम्ही किती वेळा असं उघड केलेलं वाचलंय?

फक्त खासगी बिल्डरच धरून चालू नका. आपल्याकडे सिडको जमिनीची मालक, नियोजन करणारी, घरं बांधणारी आणि जाहिरात देणारी, सगळं एकच. ऑक्टोबर २०२४ ला २६ हजार घरांची योजना आली, जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्यावर लोक म्हणाले ही परवडणारी कसली. ज्याच्याकडे सिडकोची पानभर जाहिरात आहे त्यानेही ते लोकांचं म्हणणं तितक्याच मोठ्या मथळ्यात द्यायला हवं. उद्या पालिकेच्या जाहिराती मिळायला लागल्या की हाच पेपर तुम्हालाही सोडवायचाय.

करारात काय लिहायचं विचारलंत. लांबलचक नको. जाहिरातीच्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या आकारात असेल, नंबर-क्यूआर नसलेला मजकूर लागणार नाही, बातमी छापण्याआधी दाखवली जाणार नाही, विरोधात बातमी आली तर बाजू मांडायला वेळ दिला जाईल पण बातमी मागे घेतली जाणार नाही, आणि त्यावरून करार मोडला तर लागलेल्या दिवसांचे पैसे परत मागता येणार नाहीत. हे शेवटचं वाक्य वाचून मार्केटिंगचा माणूस काय चेहरा करतो त्यावरून तुम्हाला कळेल की तो जागा विकत घेत होता का गप्प बसणं. आणि होमपेजवर कायमस्वरूपी एक पान ठेवा, सध्या आमचे जाहिरातदार कोण.

विरोधातली बातमी कधीतरी करावी लागेलच, तेव्हा नोटीस येईल. दोन पानी, इंग्रजीत, पाच-दहा कोटींची. घाबरू नका. बदनामीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, त्यातही खरी आणि लोकहिताची गोष्ट असेल तर अपवाद आहे, पण तो अपवाद कागदावर चालतो, 'रहिवासी म्हणाले' वर नाही. महारेराचा आदेश, वसुली वॉरंट, पालिकेची नोटीस, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), यातलं किमान एक हातात असल्याशिवाय आरोपाची भाषा नको. बिल्डरला प्रश्न ईमेलवर लेखी पाठवा आणि तारीख-वेळेसकट जपून ठेवा, फोनवर नाही. तो उत्तर देईल तर पूर्ण छापा, कंटाळवाणं असलं तरी.

आणि तुमचा तो फ्लॅटवाला मित्र. बुकिंग केलंय हा गुन्हा नाही, राहायला घर लागतंच की माणसाला. त्याने त्या बिल्डरची बातमी लिहायची नाही, तपासायची नाही, मथळाही द्यायचा नाही, आणि पॅकेजच्या बोलणीत तर अजिबात बसायचं नाही. बाकी दोघांनी त्याला एकच विचारा, रेट बाजारभावाने लागलाय का काही सवलत मिळालीये. सवलत असेल तर तो आकडा तुम्हा दोघांना माहीत हवा, आणि ती 'मीडियावाले आहेत' म्हणून मिळाली असेल तर आधी ती परत करायची आणि मगच बॅनरचं बोलायचं. तो परत करायला तयार नसेल तर बॅनरही घेऊ नका.